नागिनीच्या पुंगीपासून इंदूरच्या स्नेहापर्यंत

मागच्या वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजे लावायचा की ढोल-ताशा, यावर मंडळाच्या बैठकीत दीड तास वाद झाला, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तरुण मंडळी एका बाजूला, काका-मामा दुसऱ्या बाजूला, आणि आम्ही चाळिशीतले मधे बसून दोन्हीकडची बोलणी खाणारे. वादाच्या भरात आमच्या एका ज्येष्ठ मामांनी निकाल देऊन टाकला, "यंत्रातून निघतो तो गोंगाट. संगीत माणसाच्या हाता-गळ्यातून निघतं." आमच्या तोंडून निघून गेले, "मामा, मग तुमच्या वरातीत बँडवाल्यांनी नागिनची धून वाजवली होती, ती कुठून आली?" मामा रागावले. बैठक चहावर संपली आणि प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर यंदाच्या स्मरणिकेत देण्याचे आम्ही कबूल केले होते, म्हणून हा लेख.

बुऱ्हाणपूरचा इतिहास म्हटला की मुमताजमहाल, असीरगड आणि कुंडी भंडारा यांवरचे लेख आपल्या स्मरणिकेत ठरलेले असतात. ते असावेतच. हा इतिहास मात्र तितका जुना नाही, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आपल्याच राज्यातल्या एका मराठी मुलीचा आहे.

आधी मामांचे उत्तर. 'नागिन' हा चित्रपट 1954 सालचा, संगीत हेमंतकुमारांचे. त्यातली पुंगीची धून आजही वरातीत वाजली की माणसे रुमाल तोंडाला लावून डोलू लागतात. ती धून कोणा गारुड्याने वाजवलेली नव्हती. कल्याणजी वीरजी शाह, म्हणजे पुढच्या कल्याणजी-आनंदजी जोडीतले कल्याणजी, यांनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या वाद्यावर वाजवली होती आणि सोबत हार्मोनियमवर पुढे संगीतकार झालेले रवी होते. क्लॅव्हिओलिन हे फ्रान्समध्ये जन्मलेले विजेचे वाद्य. आत काचेचे व्हॉल्व्ह, बाहेर पेटीसारख्या पट्ट्या. म्हणजे गारुड्याच्या पुंगीची नक्कल एका यंत्राने केली आणि त्या यंत्राची नक्कल गेली सत्तर वर्षे गावोगावचे बँडवाले क्लॅरिनेटवर करीत आहेत. मामांच्या वरातीतली धून इलेक्ट्रॉनिक होती, आणि मामा त्यावर नाचलेही होते. फोटो आमच्याकडे आहे.

आमची नोकरी राज्य शासनाची, काम फायलींचे, पण डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. पॉलिटेक्निकात शिकलेले बरेचसे विसरलो. ऑसिलेटर मात्र विसरलो नाही. सर्किटमध्ये प्रवाह एका ठरावीक गतीने पुढे-मागे हलू लागला आणि तो स्पीकरला जोडला की सूर ऐकू येतो. सेकंदाला 440 हेलकावे झाले की एक सूर, 880 झाले की त्याच्याच वरच्या सप्तकातला. प्रयोगशाळेत पहिल्यांदा हा सूर निघाला तेव्हा आमच्या बाकावरच्या चौघांनी नॉब फिरवून 'सा रे ग म' काढण्याचा खटाटोप केला होता. सरांनी कान धरला. त्या वेळी ठाऊक नव्हते की शेजारच्या गुजरातेत हाच उद्योग काही माणसांनी फार मन लावून केला होता.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, 1969 साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला. रॉबर्ट मूग यांचे हे यंत्र तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते. कपाटाएवढे आकारमान, टेलिफोन एक्स्चेंजसारख्या तारांचे जंजाळ. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या मंडळींनी त्यावर पुढची काही वर्षे प्रयोग केले. यातल्या गीताबेन पखवाज शिकलेल्या. त्यांनी 1946 साली न्यूयॉर्कला जाऊन जॉन केज या संगीतकाराला हिंदुस्तानी संगीत समजावून सांगितले होते आणि बदल्यात त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतले होते. एनआयडीचा हा स्टुडिओ फार काळ टिकला नाही आणि टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पुर्गस या ब्रिटिश कलावंताला त्या 2017 साली सापडल्या आणि 2023 साली त्यांतील निवडक ध्वनिमुद्रणे 'द एनआयडी टेप्स' या नावाने प्रसिद्ध झाली. टेप जपून ठेवली तर चाळीस-पन्नास वर्षांनीही कोणाच्या तरी कामी येते. हे वाक्य लिहिताना आम्हाला स्वतःचीच लाज वाटते. कारण पुढे सांगू.

मुंबईत तोवर सिनेमावाल्यांनी ही यंत्रे आपलीशी केली होती. सत्तरच्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मिनीमूग हिंदी चित्रपटसंगीतात आणला. त्याच वादकांच्या गोतावळ्यात चरणजीत सिंग होते. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे, लग्न-समारंभांत ऑर्केस्ट्रा घेऊन जाणारे. त्यांनी 1982 साली रोलंड कंपनीची तीन यंत्रे, ज्युपिटर-8, टीआर-808 आणि टीबी-303, एकत्र जोडून भैरव, ललित, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड निघाली, कोणी घेतली नाही. यातले टीबी-303 हे यंत्र एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते. कंपनीने ते बास गिटारची जागा घ्यायला केले होते, आणि त्या कामात ते अगदीच पडेल निघाले. पण चरणजीत सिंगांना त्या घसरण्यात मींड दिसली. पुढे 1987 साली शिकागोच्या पोरांनी त्याच यंत्रातून 'अॅसिड हाउस' नावाचे नृत्यसंगीत काढले आणि ते युरोपभर गाजले. मग 2010 साली चरणजीत सिंगांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा पाश्चात्त्य श्रोते चकित झाले, की हे तर आमच्या पाच वर्षे आधी एका मुंबईकराने केले आहे. म्हातारपणी त्यांना परदेशात कार्यक्रम मिळाले. 2015 साली ते गेले. आम्ही ती रेकॉर्ड ऐकली आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर दहाच्या दहा राग एका बैठकीत ऐकवत नाहीत. ठेका बदलतच नाही. पण भैरवाची सुरुवात पहाटे, नर्मदेच्या पुलावरून जाणाऱ्या एसटीसारख्या बसमध्ये कानाला लावून ऐकावी. अंगावर काटा येतो.

आता इंदूर.

आपल्या मध्य प्रदेशातल्या मराठी घरांत गाणे कसे आले याची कथा दोन-तीन पिढ्यांमागे ग्वाल्हेरपर्यंत जाते. हद्दू-हस्सू खाँसाहेबांची गायकी वासुदेवबुवा जोशांकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना मिळाली, ती त्यांनी महाराष्ट्रात नेली. इकडे ग्वाल्हेरात शंकर पंडित आणि त्यांचे पुत्र कृष्णराव यांनी ती राखली. होळकरांच्या इंदुरात तर मराठी घर आणि तंबोरा यांची सोबत जुनीच. लता मंगेशकरांचा जन्म तिथलाच, 1929 चा. अशाच एका इंदुरी घरात 1983 साली स्नेहा खानवलकर जन्मली. आईकडचे घराणे ग्वाल्हेर गायकीत मुरलेले, त्यामुळे लहानपणी गाणे घरातच मिळाले. योगायोग पाहा, सगळ्या कंपन्यांची सिंथेसायझर आणि संगणक एकमेकांशी बोलू शकतील अशी 'मिडी' नावाची सामाईक भाषा त्याच 1983 साली जगापुढे आली.

कुटुंब 2001 च्या सुमारास मुंबईला गेले. मुलीने अॅनिमेशन, कलादिग्दर्शन असे काही करून पाहिले आणि मग संगीत दिग्दर्शक व्हायचे ठरवले. हे ठरवणे आज वाटते तितके साधे नव्हते. हिंदी चित्रपटांत बायका गात होत्या, हजारांनी गाणी गात होत्या, पण चाल देणाऱ्या खुर्चीवर बाई बसल्याची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी. जद्दनबाई, बॉम्बे टॉकीजच्या सरस्वतीदेवी, उषा खन्ना. बस.

2008 साली दिबाकर बॅनर्जींचा 'ओये लकी! लकी ओये!' आला. दिल्लीतल्या एका चोराची गोष्ट. मुंबईच्या स्टुडिओत बसून पंजाबी ढंगाची गाणी करणे सोपे होते, तसे सगळेच करतात. स्नेहा हरियाणात गेली. तिथे रागिणी नावाचा लोकगायनाचा प्रकार आहे, रात्र-रात्र चालणाऱ्या मैफली, गाणारे पुरुष, ऐकणारेही पुरुष. त्या गर्दीत ही इंदूरची मुलगी रेकॉर्डर घेऊन बसली. तिथून 'तू राजा की राजदुलारी' ही जुनी रागिणी चित्रपटात आली, आणि ती गायली तिथल्याच राजबीरने, कुठल्या नावाजलेल्या पार्श्वगायकाने नव्हे. पंजाबचा 'जुगनी' हा प्रकारही तसाच, लोकगायकाच्या गळ्यातूनच. तिने केले ते इतकेच की त्या गळ्याखाली संगणकावर रचलेला ठेका घातला आणि गळ्याला धक्का लावला नाही. 'इतकेच' असे आम्ही लिहितो, पण घरी मोबाइलवर एखाद्या भजनाखाली ठेका घालून बघावे. दोन मिनिटांत भजन तरी मरते, नाही तर ठेका.

दोन वर्षांनी त्याच दिग्दर्शकाचा 'लव सेक्स और धोखा' आला. नावामुळे आमच्या घरी तो पाहण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

मग 2012. या एका वर्षात स्नेहाने दोन मोठी कामे केली. पहिले एमटीव्हीवरील 'साउंड ट्रिपिन'. कल्पना अशी की एका ठिकाणी जायचे, तिथले आवाज गोळा करायचे, गाणारी माणसे शोधायची, आणि त्याच आवाजांतून गाणे बांधायचे. दहा भाग झाले. पंजाबच्या भागात ज्योती आणि सुल्ताना नूरां या बहिणींचे 'टुंग टुंग' झाले आणि या बहिणी देशाला ठाऊक झाल्या. ते गाणे पुढे एका मोठ्या हिंदी चित्रपटातही घेतले गेले.

हे तंत्र तिने शोधलेले नाही. पॅरिसमध्ये पिएर शेफर या रेडिओ इंजिनियरने 1948 साली रेल्वे इंजिनांचे आवाज मुद्रित करून, त्यांचे तुकडे जोडून रचना केली होती. त्याच्याही आधी, 1944 साली, कैरोत हलीम अल्-दाब याने तारेवर मुद्रण करणारे यंत्र उचलून बायकांच्या झार नावाच्या अंगात येण्याच्या विधीचे गाणे टिपले होते आणि त्यावर प्रक्रिया करून नवे काही बनवले होते. आज हेच काम संगणक करतो. आवाजाच्या लाटेची उंची दर सेकंदाला 44,100 वेळा मोजली जाते, सीडीचे माप हेच, आणि ते आकडे साठवले जातात. आकडे झाले की मग हवे ते करता येते. तुकडा कापा, उलटा लावा, संथ करा म्हणजे खर्जात जाईल, पन्नास वेळा एकापुढे एक ठेवा म्हणजे ठेका होईल. यंत्र फक्त मोजते. कुठला आवाज मोजायला न्यायचा हे त्याला कळत नाही.

दुसरे काम 'गँग्स ऑफ वासेपूर'. अनुराग कश्यपचा दोन भागांचा चित्रपट, धनबादच्या कोळसाखाणींच्या मुलखातला. गाणी स्नेहाची, शब्द वरुण ग्रोव्हर आणि पीयूष मिश्रा यांचे. (पार्श्वसंगीत जी. व्ही. प्रकाशकुमार यांचे आहे, तेही तिच्या नावावर खपवले जाते म्हणून नोंद.) या चित्रपटासाठी ती बिहारात तर फिरलीच, पण तिथून थेट वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदादला गेली. कारण 1845 पासून भोजपुरी मुलखातली माणसे करारावर उसाच्या मळ्यांत राबायला तिथे नेली गेली होती. त्यांनी सोबत नेलेली लग्नातली गाणी, ढोलक, लोखंडी कांबीचा धनताल आणि पेटी, यांत तिथला कॅलिप्सो मिसळून 'चटनी' नावाचे संगीत झाले. स्नेहाने हे सव्वाशे-दीडशे वर्षे समुद्रापार राहिलेले भोजपुरी गाणे परत आणले आणि 'हंटर' हे गाणे तिथल्या गायकाच्या आवाजात केले. आजीचे लोणचे नातवाने परदेशात वेगळ्या मिरचीत मुरवावे आणि बरणी परत गावी यावी, तसे काहीसे.

'वुमनिया' मात्र आम्हाला सर्वांत आवडते. खुशबू राज आणि रेखा झा या दोघींनी गायलेले. लग्नघरात बायका जमतात, एकमेकींना चिमटे काढतात, तो ढंग. गळे तयार नाहीत, मुद्दाम तसेच ठेवले आहेत. आपल्याकडे हळदीला बायका गातात तेव्हा एकीचा सूर वर जातो, दुसरी हसते, तिसरी विसरते, ते सगळे त्यात आहे, आणि खाली विजेचा ठेका चालला आहे. दुसऱ्या भागात एका बाजूला शारदा सिन्हांसारख्या छठगीतांच्या मानाच्या गायिका आहेत आणि दुसऱ्या बाजूला मुंबईच्या लोकलमध्ये गाऊन पैसे मागणारी दुर्गा नावाची मुलगी आहे. दोघींना तोच मान. या कामासाठी तिला फिल्मफेअरचे संगीत दिग्दर्शनाचे नामांकन मिळाले. पुढे 'खूबसूरत', 'मंटो' असे चित्रपट झाले. संख्येने काम थोडे आहे, आणि आमच्या मते त्यामुळेच टिकेल.

या वाटेवर ती एकटी नाही. इंग्लंडात जन्मून न्यूयॉर्कजवळ वाढलेला कर्श काळे तबला आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची सांगड घालतो. त्याचा 'रियलाइझ' 2001 साली आला, आणि 'कार्तिक कॉलिंग कार्तिक'चे पार्श्वसंगीत त्याने मिडिव्हल पंडिट्झसोबत केले. चांगले आहे, गुळगुळीत आहे. स्नेहाच्या कामातली धूळ त्यात नाही.

आणि वाट खरे तर जुनीच आहे. कुमार गंधर्व 1948 साली देवासला आले ते क्षयाने आजारी म्हणून. गाणे बंद, बोलणेही बेताने. खाटेवर पडून ते माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले आणि त्या ऐकण्यातून पुढे लोकधुनांतून उगवलेले त्यांचे राग आले. त्यांच्याकडे रेकॉर्डर नव्हता, कान होता. देवास ते इंदूर अंतर तासाभराचे. स्नेहाच्या कामावर कुमारांचा परिणाम आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याच मातीत दोघांना ऐकण्याची सवय लागली, एवढे म्हणतो.

आता कॅसेटची गोष्ट.

आमच्या धूलकोटच्या घरी ओसरीत जाते होते. आजी त्यावर दळताना ओव्या म्हणायची, काही खानदेशी, काही निमाडी मिसळलेल्या. 1993 च्या उन्हाळ्यात वडिलांनी टू-इन-वनवर एक साठ मिनिटांची कॅसेट भरून तिच्या ओव्या टिपल्या. तीन वर्षांनी आजी गेली. पॉलिटेक्निकला असताना आम्हा दोघा भावांना गाणी भरायला कॅसेट हवी होती. पैसे नव्हते. घरात एक होती, वरचे लेबल पुसट झालेले. आम्ही तिच्यावर सिनेमाची गाणी भरली. दोन्ही बाजू.

वडील काही बोलले नाहीत. कपाटातून कॅसेट काढली, ऐकली, परत ठेवली.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, पुढे अनेक ध्वनिमुद्रितही झाल्या. ते वाचले तेव्हा आम्हाला प्रथम आनंद झाला आणि मग जेवण गेले नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याला ती कॅसेट सापडली. त्याने ती शेवटपर्यंत चालवली, जे आम्ही वीस वर्षांत केले नव्हते. बी बाजूच्या अगदी शेवटी सिनेमाचे गाणे तुटते आणि सुमारे चाळीस सेकंद जुने मुद्रण उरले आहे. जात्याची घरघर, एक अर्धी ओवी, खोकला, आणि "बंद कर ना रे ते आता." पुतण्याने ते मोबाइलवर घेतले. जात्याची फेरी हाच ठेका धरला. त्याच्या लक्षात आले की फेरी सारखी नाही, मूठभर दाणे टाकताना हात मंदावतो, आणि ओवीचा श्वास नेमका तिथेच आहे. यंत्राने तो ठेका सरळ करू पाहिला तर ओवी बसेना. मग त्याने यंत्राचाच ठेका वाकडा केला. त्यावर भगोऱ्याच्या हाटात टिपलेला बारेल्यांचा मांदळ आणि बासरी घातली. चार मिनिटांची रचना झाली.

मागच्या वर्षी, त्या बैठकीनंतर तिसऱ्या दिवशी, आरती झाल्यावर ती मंडपात लावली. पोरे गप्प ऐकत होती. आमची आत्या पुढच्या रांगेत होती. अर्ध्यावर उठून म्हणाली, "माझ्या मायला नाचवताय का रे?" आणि निघून गेली. पुतण्याचे तोंड उतरले. आम्हालाही काय बोलावे सुचेना, कारण तिचे चुकले असे म्हणवत नव्हते, पोराचेही नाही.

चार दिवसांनी आत्या घरी आली. म्हणाली, "ते ढोल काढून लाव." लावले. चाळीस सेकंद. पुन्हा लावायला सांगितले. सात-आठ वेळा ऐकले. मग म्हणाली, "ही ओवी पुरी मला येते," आणि पुतण्याला म्हणाली, "घे तुझा तो मोबाइल." त्या दुपारी तिने एकवीस ओव्या सांगितल्या. ढोल चालतील का, असे पोराने विचारले. आत्याने उत्तर दिले नाही, चहा मागितला.

मिरवणुकीत यंदाही डीजे की ढोल हा प्रश्न येणारच. मामांनी बैठकीत पुन्हा विषय काढायचे ठरवले आहे असे कळते. आमचे म्हणणे इतकेच की मामांनी आधी गौरीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडपात यावे. तिथे आम्ही नागिनची धून, चरणजीत सिंगांचा भैरव, 'वुमनिया' आणि आत्याच्या ओव्या, ढोलासह आणि ढोलाविना, अशा लावणार आहोत. ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटा असतील, लेबल असो वा नसो, त्यांनी त्या सोबत आणाव्यात. टेपडेकचा पट्टा बदलून आम्ही तो चालू केला आहे. कॅसेट मागून-पुढून, दोन्ही बाजू शेवटपर्यंत चालवून पाहिल्याशिवाय परत दिली जाणार नाही.